निळीचा पंखा

गाडी बंद पडण्याचं आप्पांना फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते नंतर जावयाला फोन करावा लागे त्याचं.

जावई काही वाईट माणूस नव्हता. फार चांगला होता, आणि तीच अडचण होती. फोन केला की तो "आलोच" म्हणे आणि खरोखरच अर्ध्या तासात येई. आपल्या नव्या गाडीच्या डिकीतून पिवळा दोर काढी, निळीला मागे बांधी आणि घरापर्यंत ओढत आणी. वाटेत हूं नाही की चूं नाही. त्याच्या आरशात त्याचा तो समजूतदार चेहरा दिसला की आप्पांना वाटे, याने एकदा तरी चिडावं. चिडला असता तर आपण घरचे आहोत असं वाटलं असतं. न चिडणाऱ्या माणसापुढे आपण नुसते उपकाराखाली.

निळी म्हणजे आप्पा आणि त्यांची बायको, बाई, यांची गाडी. शाईच्या दौतीसारखा रंग, म्हणून निळी. वय सव्वीस वर्षं. लेकीपेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण लेक मोठी होऊन शहाणी झाली आणि निळी मोठी होऊन हट्टी झाली. गेल्या महिन्याभरात ती दोनदा भर रस्त्यात तापली, बॉनेटमधून वाफ आली आणि पिवळा दोर निघाला.

गुरुवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण एकटीने ऐकून घेणं त्यांना मंजूर नव्हतं.

"आई, दोनदा झालं," लेक म्हणाली.

"मोजता येतं मला."

"तिसऱ्यांदा झालं तर गाडी काढून टाकायची. मी सांगून ठेवते. तुम्हाला कुठे जायचं असेल तिथे आम्ही नेऊ की. रविवारी जेवायला येताय ना? ह्यांना पाठवते घ्यायला."

"घ्यायला कुणी यायचं नाही. आम्ही आमच्या गाडीने येऊ."

"आणि रस्त्यात अडकलात?"

"अडकलो आणि तुम्हाला फोन केला, तर चावी तुझ्या हातात. मग तू ती भंगारात दे नाहीतर शोकेसमध्ये ठेव."

आप्पा समोर बसून पुस्तक वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पण त्या पानावर काय होतं ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "अगं, एवढं बोलायची काय गरज होती?"

"होती," बाई म्हणाल्या. "निळी गेली की आपण दोघं सामान झालो बघा. कुणीतरी न्यायचं, कुणीतरी आणायचं, आणि मध्ये कुठे ठेवलं ते विसरायचं."

बाई तेहतीस वर्षं शाळेत खेळ शिकवत होत्या. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या शिट्टीवर धावलेली, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. गाडी त्याच चालवत. आप्पांकडे लायसन्स नव्हतं. तरुणपणी ते तीनदा परीक्षेला बसले होते. तिन्ही वेळा परीक्षक म्हणाला "डावीकडे घ्या" आणि तिन्ही वेळा आप्पांनी, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता, गाडी उजवीकडे घेतली. तिसऱ्या वेळी तर परीक्षक म्हणाला, "तुमचा आत्मविश्वास बघून मलाच शंका आली."

याला कारण होतं. आप्पा चाळीस वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते. छापखान्यातला खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उलटा असतो. अक्षरं आरशातल्यासारखी, ओळ आरशातल्यासारखी. कागदावर सरळ उमटावं म्हणून हाताने सगळं उलटं जुळवायचं. चाळीस वर्षं रोज आठ तास हे केल्यावर माणसाच्या डोक्यात डावं आणि उजवं आपापसांत जागा बदलून बसतात आणि पुन्हा उठायचं नाव घेत नाहीत. लग्नानंतर वर्षभरात बाईंनी हे ओळखलं आणि त्यावर सोपा उपाय काढला. आप्पा रस्ता सांगताना डावीकडे म्हणाले की त्या उजवीकडे वळत. दोघंही वेळेवर पोचत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वेगळं आहे हे दोघंही विसरून गेले होते.

शुक्रवारी सकाळी आप्पांनी कपाटातून निळीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक काढलं. ते त्यांनी जुन्या बाजारात घेतलं होतं आणि तीनदा वाचलं होतं. त्यात छपाईच्या एकोणीस चुका सापडल्या होत्या, त्या त्यांनी समासात पेन्सिलीने दुरुस्तही केल्या होत्या. गाडी मात्र त्या पुस्तकावरून एकदाही दुरुस्त केली नव्हती. आप्पांचा स्वतःवर तेवढा विश्वास नव्हता. बल्ब बदलल्यावरही ते बटण बाईंना दाबायला लावत.

"पुस्तक म्हणतं, आधी रोग शोधा," ते म्हणाले.

"रोग माहीत आहे. तापते."

"कधी तापते?"

बाई विचारात पडल्या. "पळताना नाही. उभी राहिली की."

"मग पंखा," आप्पा हळूच म्हणाले, आणि आपणच बोललो की काय म्हणून त्यांनी पुस्तकात पुन्हा बघितलं. "गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला गार करतो. उभी राहिली की वारा कुठून येणार? तेव्हा रेडिएटरमागचा पंखा वारा आत ओढतो. तो फिरत नसेल तर—"

"वाफ," बाई म्हणाल्या.

अंगणात निळी नेहमीप्रमाणे भिंतीला नाक लावून उभी होती. बाईंनी ती चालू केली आणि दोघं तापमानाच्या काट्याकडे बघत बसले. काटा मधोमध आला, मध्याच्या पुढे गेला, तरी पंखा ढिम्म. बाईंनी गाडी बंद केली. आप्पांनी फ्यूज काढून उजेडात धरला, तो शाबूत होता. मग पुस्तकात दिल्याप्रमाणे बॅटरीपासून दोन वायरी थेट पंख्याच्या मोटरला लावून बघितल्या. काही नाही. बाईंनी पाना उचलला आणि मोटरच्या पाठीवर एक टोला दिला. मोटर घर्र करून दोन फेरे फिरली आणि पुन्हा गप्प झाली.

"पुस्तकात असं नाही," आप्पा म्हणाले.

"शाळेत होतं," बाई म्हणाल्या. "मोटर गेलीय."

पार्टच्या दुकानात भिंतभर पत्र्याचे डबे होते आणि एकाही डब्यावर नाव नव्हतं. पार्टवाल्याला सगळं तोंडपाठ. त्याने आप्पांनी आणलेला गाडीचा मॉडेल नंबर वाचला आणि चष्मा वर सरकवला.

"ही गाडी अजून चालते?"

"चालते हो," आप्पा म्हणाले. "थांबली की पंचाईत होते."

पार्टवाला खो खो हसला. आप्पांनी विनोद केला नव्हता, पण हसणाऱ्याचा विरस नको म्हणून तेही थोडे हसले. पार्टवाला शिडीवर चढला, तिसऱ्या रांगेतला एक डबा झाडला आणि मोटर काढून काउंटरवर ठेवली.

"मापाची आहे, पाती तुमचीच बसतील. पण हिला प्लग नाही. जुन्या मोटरचा प्लग वायरीसकट कापायचा आणि हिला जोडायचा. हिच्या वायरी दोन, दोन्ही काळ्या. पण ही बघा, एकीवर पांढरी रेघ. प्लगची खाच वर करायची, प्लग आपल्याकडे तोंड करून धरायचा. रेघवाली डावीकडे. मग पक्का डाग द्यायचा, सोल्डरचा. आयुष्यभर बघायला नको."

आप्पांनी खिशातली वही काढली. प्लगचं चित्र काढलं, वर खाच काढली, रेघवाली वायर दाखवायला बाण काढला आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रेघ इथे.' चित्र मोठं देखणं झालं. चाळीस वर्षं ज्या हाताने पानं जुळवली तो हात अजून कापत नव्हता.

"आणि समजा, उलटं लागलं तर?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"उलटं कशाला लागेल? डावं-उजवं कळतं ना?" असं म्हणून पार्टवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आप्पांनी वही खिशात ठेवली. या प्रश्नाला त्यांनी आयुष्यात कुणालाच सरळ उत्तर दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी निळी रात्रभर उभी राहून गार झाल्यावर काम सुरू झालं. बाई बॉनेटच्या एका बाजूला, गळ्यात जुनी शिट्टी, हातात पुस्तक. आप्पा दुसऱ्या बाजूला, बाह्या वर करून.

"एक. बॅटरीची काळी वायर काढा," बाईंनी वाचलं.

"काढली."

"दोन. पंख्याचा प्लग उपटा. उपटा लिहिलंय का खरंच? हो. तुम्ही इथे पेन्सिलीने 'ओढा' केलंय."

"उपटा म्हणजे फार झालं."

"तीन. चौकटीचे चार बोल्ट."

तीन बोल्ट निमूट निघाले. चौथा निघाला आणि आप्पांच्या बोटांतून सटकून आतल्या आत कुठेतरी टण टण टण करत गेला. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी पुस्तक बंद केलं, गाडीखाली झोपून हात घातला आणि अर्ध्या मिनिटात बोल्ट घेऊन बाहेर आल्या. सत्तरीच्या बाईचं हे झोपणं आणि उठणं बघून आप्पांना वाटलं, बाई आणि काम यांच्या मध्ये आपण यायलाच नको होतं.

"घाबरलात की हात सुटतो तुमचा," बाई म्हणाल्या. "मुलांचाही सुटायचा. रिले रेसमध्ये. हं, आता पुठ्ठा."

रेडिएटरची जाळी नाजूक, पंखा काढताना तिला धक्का लागून पापुद्रे वाकतात. म्हणून बाईंनी रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला. मग दोघांनी मिळून पंख्याची चौकट वर उचलली, नवजात बाळाला पाळण्यातून काढावं तशी, आणि जुन्या चादरीवर ठेवली.

आता पात्यांच्या मधला नट. आप्पांनी पाना लावला, दम धरला, एक हिसका दिला आणि नट निघाला.

बाई पुस्तकात बोट धरून वाचत होत्या. "सावधान. या नटाचे आटे उलटे आहेत. नेहमीच्या दिशेने फिरवल्यास नट अधिक घट्ट होऊन—" त्या थांबल्या. "निघाला?"

"निघाला."

"तुम्ही कसं ओळखलंत, आटे उलटे आहेत म्हणून?"

"ओळखलं नाही," आप्पा म्हणाले. "मी आपला सरळच फिरवत होतो."

बाई इतक्या हसल्या की त्यांना बॉनेटचा आधार घ्यावा लागला. आप्पाही हसले, आणि गुरुवारपासून पहिल्यांदाच त्यांना वाटलं की हे जमेल. ते वाटणं जरा लवकर झालं, पण ते त्यांना तेव्हा कळायचं नव्हतं.

पाती नव्या मोटरवर बसली. आप्पांनी जुन्या मोटरचा प्लग वायरीसकट कापला, वही उघडून शेजारी ठेवली आणि चित्राबरहुकूम वायरी लावायला घेतल्या. सोल्डरऐवजी त्यांनी खिशातून एक छोटी पांढरी पट्टी काढली. घरातल्या दिव्यांच्या वायरी जोडायला असते तसली, दोन्हीकडून वायर घालून स्क्रू पिळायची.

"डाग द्यायचा होता ना?" बाई म्हणाल्या. "आयुष्यभर बघायला नको."

"देऊ. पण आधी चालू दे, नीट चालली की मग. प्रूफ वाचून झाल्याशिवाय जुळवलेल्या पानाचा फर्मा आवळायचा नाही."

"इथे कसलं प्रूफ?"

"चूक असली तर?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत चूक असेल असंच वाटतं."

"चाळीस वर्षांत," आप्पा म्हणाले, "पहिल्या प्रूफात चूक नाही असं पान मी बघितलं नाही. दुसऱ्यांचंही नाही, माझं तर नाहीच."

त्यांनी स्क्रू पिळले, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि जोड हाताला येईल असा वरच्या बाजूला ठेवला. चौकट बसली, चारही बोल्ट बसले, प्लग बसला. बाईंनी गाडी चालू केली. काटा चढू लागला तसा आप्पांचा श्वास वर चढू लागला. काटा मधोमध आला, आणि भर्र करून पंखा फिरायला लागला.

बाईंनी शिट्टी फुंकली. गल्लीतले दोन गृहस्थ सवयीने ताठ उभे राहिले.

"फिरतोय," आप्पा म्हणाले. "जरा वेळ चालू ठेवू या का? काटा खाली येतो का ते बघायला?"

"फिरतोय ना डोळ्यांसमोर? पेट्रोल काय पाण्यासारखं वाहतंय का?" बाईंनी गाडी बंद केली. आप्पांना खरं म्हणजे अजून थांबायचं होतं. पण शंका काढणं हा आपला दोष आहे हे ते स्वतःला रोज बजावत, आणि नेमकं त्या दिवशी त्यांनी तो दोष आवरला.

रविवारी साडेअकराला निळी निघाली. बाईंनी इस्त्रीचे कपडे घातले होते. आप्पांनी पाठीमागे पाना, स्क्रूड्रायव्हर, चिकटपट्टी आणि दोन बाटल्या पाणी ठेवलं होतं, आणि त्यावर टॉवेल टाकला होता, बाईंना दिसू नये म्हणून. बाईंना ते निघायच्या आधीच दिसलं होतं.

मोकळ्या रस्त्यावर निळी सुरेख पळाली. काटा मध्याच्या खाली. आप्पांनी खिडकी उघडली आणि चक्क गुणगुणायला लागले.

मग रेल्वेचं फाटक लागलं.

फाटक बंद होतं. पुढे सात गाड्या, मागे क्षणात दहा झाल्या. पंखा भर्र करून सुरू झाला. तो आवाज ऐकून आप्पा सुखावले. दोन मिनिटं गेली. बाई काट्याकडे बघत होत्या. आप्पांनीही बघितलं. काटा मध्याच्या वर होता.

"पंखा चालू आहे ना?" बाईंनी विचारलं.

"ऐकू येतोय की."

"मग हा वर का जातोय?"

काटा आणखी एक रेघ चढला. तांबड्या पट्ट्याला आता बोटभर अंतर.

"बंद करते," बाई म्हणाल्या.

"इथे बंद केलीस तर होईल गार. पण फाटकापलीकडे बाजार आहे. तिथे मुंगीच्या पावलाने जायचंय, अर्धा तास. तिथे काय करणार?" आप्पांनी वळून मागची रांग बघितली. "जावईबापूंना फोन—"

बाईंनी पर्समधून फोन काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "करा. पण चावीही तुम्हीच द्यायची तिच्या हातात. मला जमणार नाही."

आप्पांनी फोनकडे बघितलं. फोन डॅशबोर्डवर ठेवला आणि दार उघडून खाली उतरले.

"एक मिनिट चालू ठेव. मला बघू दे."

ते निळीच्या पुढे जाऊन उभे राहिले. नवा पंखा बसवल्यापासून तिथे उभं राहायची ही पहिलीच वेळ, कारण अंगणात पुढे भिंत असे. काय बघायचं ते त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसलं की ते कागद बघत, म्हणून त्यांनी वही काढली आणि चित्राचं पान उघडलं. पान फडफडलं. खाली गुडघ्यांना काहीतरी गरम लागत होतं. आप्पांनी वही जरा खाली, जाळीजवळ नेली. पान त्यांच्याच अंगावर उडालं.

बाई खिडकीतून बघत होत्या. त्याही उतरल्या. त्यांनी जाळीपुढे हात धरला आणि झटकन काढला.

"अहो, पंख्याने वारा आत ओढायचा की बाहेर फुंकायचा?"

"आत. समोरचा गार वारा आत ओढायचा."

"हा तर इंजिनाची गरम हवा तुमच्या पायांवर फुंकतोय. उलटा फिरतोय हा." बाईंनी त्यांच्या हातातली वही घेतली आणि चित्र बघितलं. "पार्टवाला काय म्हणाला होता? रेघ कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

बाईंनी चित्र त्यांच्या नाकासमोर धरलं. खाच वर, बाण नीट, अक्षर मोत्यासारखं, आणि 'रेघ इथे' उजवीकडे.

आप्पा बघत राहिले. त्यांच्या हाताने त्यांना न विचारता चाळीस वर्षांचं काम केलं होतं. जे कागदावर सरळ उमटायला हवं ते त्याने उलटं जुळवलं होतं.

"हे चित्र," बाई म्हणाल्या, "तुम्ही बघायला काढलंत की छापायला?"

आप्पांना शरमेने हसू आलं. मग शरम मागे राहिली आणि नुसतं हसू आलं. कारण चूक सापडली होती. सापडलेल्या चुकीला ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते, भीती असायची ती न सापडलेल्या चुकीची.

"गाडी बंद कर," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की बाईंनी लगेच खिडकीतून हात घालून चावी फिरवली. "स्क्रूड्रायव्हर दे. टॉवेलखाली आहे."

"माहीत आहे कुठे आहे ते. हात भाजतील, टॉवेलही घ्या."

दूरवर रेल्वेची शिट्टी झाली. आप्पांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, हे पुस्तकात तीन ठिकाणी होतं, त्यांनी लावला नाही. बॅटरीची काळी वायर सोडवली. पांढरी पट्टी वरच होती, हाताशी. चिकटपट्टी उकलली. डाग दिला असता तर आता फोनच करावा लागला असता. दोन स्क्रू ढिले केले, दोन वायरी काढल्या. आगगाडी रुळांवरून धडधडत जाऊ लागली, मालगाडी होती, लांबलचक.

"किती डबे राहिलेत?" आप्पांनी मान वर न करता विचारलं.

"पुष्कळ. घाई नको. मोजते मी."

"आणि मी कुठली वायर कुठे घालतोय तेही बघ."

"बघतेय. रेघवाली इकडे. इकडे म्हणजे माझ्याकडे. डावं-उजवं काही मनात आणू नका."

वायरी बसल्या. स्क्रू आवळले. चिकटपट्टी गुंडाळली. मालगाडीचा शेवटचा डबा गेला आणि फाटक कुरकुरत वर जायला लागलं. बॅटरीची वायर लागली. बाई धावत जाऊन बसल्या आणि चावी फिरवली. इंजिन तापलेलंच होतं, त्यामुळे पंखा लगेच भर्र करून सुरू झाला. आप्पांनी बॉनेट पाडलं, वहीतलं ते चित्राचं पान टरकन फाडलं आणि जाळीपुढे धरून सोडलं.

पान चटकन जाळीला जाऊन चिकटलं.

मागच्या दहा गाड्यांनी एकदम भोंगे वाजवले. आप्पांना ते टाळ्यांसारखे वाटले. ते गाडीत बसले, आणि बाजारात मुंगीच्या पावलाने जाताना काटा एकेक रेघ उतरत मध्याच्या खाली आला आणि तिथेच बसला. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

लेकीच्या घरापुढे जावई उभा होता. पायांत बूट, खांद्यावर पिवळा दोर. निळी समोर येऊन थांबली तसा त्याने दोर हळूच पाठीमागे नेला.

"एवढा उशीर?" लेक दारातून म्हणाली. तिच्या हातात फोन होता.

"फाटक लागलं होतं," बाई म्हणाल्या. ते शंभर टक्के खरं होतं आणि तिथेच थांबता आलं असतं. पण जावई निळीच्या पुढे वाकला होता.

"आप्पा, जाळीत हे काय अडकलंय?" त्याने चुरगळलेलं पान काढलं. "रेघ इथे?"

"शुद्धिपत्र आहे ते," आप्पा म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. पार्टवाला, चित्र, उलटा पंखा, फाटक, सगळं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. स्वतःची चूक सांगताना त्यांनी एकही भाग गाळला नाही, उलट दोन ठिकाणी जास्तच सांगितली. लेक हाताची घडी घालून ऐकत होती. ती चिडायच्या तयारीत होती, पण 'छापायला की बघायला' इथे तिचा चेहरा फसला आणि ती खुदकन हसली.

"म्हणजे अडकलात," ती तरीही म्हणाली.

"थांबलो होतो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांबरोबर. फोन केला का तुला?"

"नाही."

"मग?" बाईंनी चावी तिच्या डोळ्यांसमोर धरली, दोनदा वाजवली आणि पर्समध्ये टाकली. लेकीने पर्सकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि ताटं घ्यायला आत गेली. निळीचा विषय पुन्हा त्या घरात निघाला नाही.

जेवणानंतर जावयाने सोल्डरिंगची पेटी काढली. जोड आता पक्का करायला हरकत नव्हती, प्रूफ वाचून झालं होतं. दोघे निळीच्या बॉनेटखाली वाकले, आप्पा वायर धरायला, जावई डाग द्यायला.

"आप्पा, डावीकडची धरा."

आप्पांनी धरली.

"डावीकडची."

आप्पांनी ती आणखी घट्ट धरली.

"अहो डावीकडची म्हटलं ना," जावई एकदम करवादला. "इतका वेळ काय सांगतोय मी? हात भाजेल माझा, ऐकत का नाही तुम्ही?"

मग त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. आप्पांनी दुसरी वायर धरली. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की जावयाला वाटलं, यांना नीट ऐकू आलं नसावं.

संध्याकाळी दोघं परत निघाले. फाटक उघडं होतं. बाजार ओलांडल्यावर चौक आला. काटा मध्याच्या खाली होता आणि आप्पा अर्धवट पेंगत होते.

"आता कुठे घेऊ?" बाईंनी विचारलं. रस्ता त्यांना पाठ होता.

"डावीकडे," आप्पा डोळे मिटूनच म्हणाले.

बाईंनी उजवीकडचा दिवा लावला आणि निळी घराकडे वळली.